नाटकाच्या तिकिटाला किती पैसे मोजावेत?

व्यावसायिक मराठी नाटकाचे पुढच्या रांगांतले तिकीट मुंबई, ठाणे आणि पुण्यात सध्या बहुतेक वेळा 500 रुपयांना असते. मागे सरकत गेले की ते 400, 300 असे उतरते आणि बाल्कनीत काही वेळा त्याहूनही खाली येते. या दरांबद्दल नाट्यरसिकांत दोन तक्रारी एकाच वेळी ऐकू येतात. नाटक सामान्य माणसाच्या आवाक्यात राहिलेले नाही, ही एक. आणि एवढ्या उत्पन्नात निर्मात्याने चांगले नाटक उभे करायचे कसे, ही दुसरी. मला दोन्ही तक्रारी खऱ्या वाटतात आणि दोन्हींचे मूळही एकच वाटते. आपल्याकडे सर्वांत महाग आणि सर्वांत स्वस्त तिकिटांतले अंतर फार थोडे आहे. ज्याला जास्त देणे शक्य आहे आणि ज्याची तशी इच्छाही आहे त्याच्याकडून आपण घेत नाही, आणि ज्याच्या खिशात पैसे नाहीत त्याच्यासाठी जागा ठेवत नाही.

मराठी प्रेक्षक नाटकासाठी हात आखडता घेतो, असे सरसकट म्हणण्याची पद्धत आहे. इतिहास तसे सांगत नाही. विष्णुदास भावे यांनी 1843 मध्ये सांगलीत ‘सीता स्वयंवर’ केले ते तिथले संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने. त्यांच्या निधनानंतर हा आश्रय संपला तेव्हा भाव्यांना आपली मंडळी घेऊन बाहेर पडावे लागले, आणि 1853 मध्ये मुंबईत ग्रँट रोडच्या नाट्यगृहात त्यांनी तिकीट लावून खेळ केले. म्हणजे आपल्या रंगभूमीवर तिकीट आले तेच मुळी दरबाराची जागा प्रेक्षकाने घ्यावी या गरजेतून. पुढची शंभर वर्षे नाटक मंडळ्या जगल्या त्या या तिकिटावर. ज्या कर्जात बुडाल्या त्यांच्या बाबतीतही पुष्कळदा प्रेक्षकांनी पाठ फिरवलेली नव्हती. खर्च उत्पन्नाच्या पुढे धावत होता. गंधर्व नाटक मंडळीचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. भरलेली नाट्यगृहे आणि डोक्यावरचे कर्ज या दोन गोष्टी तिथे शेजारी शेजारी नांदत होत्या.

किती पैसे मोजायचे या प्रश्नाचे मराठी प्रेक्षकाने दिलेले सर्वांत ठळक उत्तर 8 जुलै 1921 चे आहे. त्या रात्री मुंबईच्या बालीवाला थिएटरात ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग झाला. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘मानापमान’ 1911 पासून रंगभूमीवर गाजत होतेच. या प्रयोगात मात्र गंधर्व नाटक मंडळीचे बालगंधर्व भामिनीच्या भूमिकेत आणि ललितकलादर्शचे केशवराव भोसले धैर्यधराच्या भूमिकेत, असे दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे दोन मोठे गायक नट एका रंगमंचावर उभे राहिले. प्रयोग स्वातंत्र्य चळवळीसाठी उभारलेल्या टिळक स्वराज्य फंडासाठी होता आणि तिकिटांचे दर नेहमीच्या दरांच्या कित्येक पट ठेवलेले होते. तरीही नाट्यगृह भरले, आणि जागा न मिळालेल्यांच्या हळहळीच्या कथा पुढच्या पिढ्यांपर्यंत पोहोचल्या. केशवराव त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गेले, त्यामुळे त्या तिकिटाची किंमत कायमचीच ठरून गेली. ज्यांनी त्या दिवशी पदरमोड केली त्यांना ती खटकली असेल असे मला वाटत नाही.

या घटनेत तीन गोष्टी एकत्र आल्या होत्या, आणि आजही प्रेक्षक जास्त पैसे देतो तेव्हा त्यांपैकी एखादी तरी हजर असते. पुन्हा मिळणार नाही असा योग, मन लावून ऐकावा असा कलावंत, आणि आपला पैसा चांगल्या कामाला लागतो आहे हा विश्वास. प्रशांत दामले यांचा 12,500 वा प्रयोग 6 नोव्हेंबर 2022 रोजी षण्मुखानंद सभागृहात झाला. नेहमीच्या मराठी नाट्यगृहाच्या दुपटीहून मोठे असलेले ते सभागृह ‘एका लग्नाची पुढची गोष्ट’ पाहण्यासाठी भरले, ते यांतल्या पहिल्या दोन कारणांनी. नाटक तेच होते आणि एरवी दादरला किंवा कोथरूडलाही पाहता येत होते. तरी त्या दिवशीची उपस्थिती ही स्वतंत्र गोष्ट होती. चाहता तिकिटात संहिता आणि अभिनय विकत घेतो तसा तो दिवसही विकत घेतो.

मग पुढच्या रांगेचे तिकीट 500 रुपयांवरच का थबकलेले असते? याचे एक कारण प्रेक्षकाला सहसा सांगितले जात नाही, आणि ते करात दडलेले आहे. जुलै 2017 मध्ये जीएसटी लागू झाला तेव्हा नाटकाच्या 250 रुपयांपर्यंतच्या तिकिटाला करमाफी होती. नाट्यव्यवसायाच्या मागणीनंतर जानेवारी 2018 मध्ये ही मर्यादा 500 रुपयांवर नेण्यात आली. तिकीट त्याच्या वर गेले की मात्र 18 टक्के कर लागतो, आणि तो वरच्या पाच-पन्नास रुपयांवर लागत नाही, पूर्ण किमतीवर लागतो. याचा परिणाम हिशेब मांडल्याशिवाय लक्षात येत नाही. निर्मात्याने करासह 550 रुपयांचे तिकीट लावले तर कर वजा जाता त्याच्या हाती साधारण 466 रुपये येतात, म्हणजे 500 रुपयांच्या तिकिटापेक्षा कमी. हाती पुन्हा 500 रुपये यावेत असे वाटत असेल तर प्रेक्षकाकडून 590 रुपये घ्यावे लागतात. मधल्या पट्ट्यात दर वाढवणे म्हणजे प्रेक्षकालाही नाराज करणे आणि स्वतःचेही नुकसान करून घेणे. त्यामुळे 500 हा आकडा मराठी नाटकाच्या तिकिटाची भिंत झाला आहे. त्यातच काही नाट्यगृहांत भाडेही तिकिटाच्या दराला बांधलेले असते. दर ठराविक रकमेच्या वर गेला की भाडे चढते. 2018 मधले 500 रुपये आणि आजचे 500 रुपये यांत किती फरक पडला आहे हे कोणत्याही घरातला बाजारहाट करणारा माणूस सांगू शकेल, पण भिंत जागची हललेली नाही.

आता भिंतीच्या आतला हिशेब पाहू. आपल्या व्यावसायिक नाट्यगृहांची आसनसंख्या हजाराच्या अलीकडे-पलीकडे असते. समजा एखाद्या रविवारी दुपारी 450 तिकिटे सरासरी 400 रुपयांनी गेली, तर गल्ल्यात 1,80,000 रुपये जमतात. निम्मे नाट्यगृह भरले म्हणून प्रेक्षकांतल्या आपल्यालाही बरे वाटते. या रकमेतून नाट्यगृहाचे भाडे, कलावंतांच्या नाईट म्हणजे प्रयोगागणिक मिळणारे पैसे, रंगमंचामागच्या कामगारांच्या नाईट, प्रकाश आणि ध्वनी, नेपथ्य वाहून नेणारा टेम्पो, दौऱ्यावर असल्यास बस आणि मुक्काम, वृत्तपत्रांतल्या जाहिराती, लेखक-दिग्दर्शकांचे मानधन आणि तिकीटविक्रीवरचा खर्च एवढे सगळे वजा करायचे असते. नाटक उभे करताना तालमी, नेपथ्य आणि वेशभूषेवर आधीच घातलेले भांडवल उरलेल्या रकमेतून प्रयोगागणिक थोडे थोडे वसूल करायचे. राज्य शासनाचे प्रयोगामागे मिळणारे अनुदान काही नाटकांना आधार देते, परंतु पावसाळ्यातले किंवा परीक्षांच्या काळातले रिकामे प्रयोग त्यातून भरून निघत नाहीत.

हा खर्च काटकसरीने फारसा कमी होत नाही, यालाही कारण आहे. विल्यम बोमोल आणि विल्यम बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी 1966 मध्ये प्रयोगकलांच्या अर्थकारणाबद्दल जे मांडले ते आपल्या संगीत नाटकालाही तंतोतंत लागू पडते. कारखान्यात यंत्रे सुधारली की तेवढ्याच माणसांकडून जास्त माल निघतो आणि वाढलेले पगार त्यातून भागतात. नाटकात तसे होत नाही. ‘मानापमाना’ला 1911 मध्ये जितके गायक नट आणि जितके साथीदार लागत होते, जवळपास तेवढेच आजही लागतात, ते मात्र आजच्या महागाईत जगतात. तिकीट वाढले नाही तर पात्रे कमी होतात. दोन पात्रांची, एका दिवाणखान्यात घडणारी, एका टेम्पोत मावणारी नाटके वाढली त्यामागे लेखकांची आवड जेवढी आहे त्याहून अधिक हा हिशेब आहे, असे माझे मत आहे. मला दोन पात्रांची नाटकेही आवडतात, पण बारा-पंधरा माणसांचे नाटक पाहण्याची भूक त्यांनी भागत नाही.

प्रेक्षकाच्या बाजूचा हिशेबही तितकाच खरा आहे आणि तो छापील दरावर संपत नाही. डोंबिवली किंवा वसईच्या चौघांच्या कुटुंबाला दादरला नाटक पाहायचे तर तिकिटांचे 2,000 रुपये होतात, ऑनलाइन काढल्यास त्यावर सेवाशुल्क, मग रेल्वे, रिक्षा, मध्यंतरातला बटाटेवडा आणि चहा, आणि परतताना उशीर झाला तर बाहेरचे जेवण. हे करणारे कुटुंब वर्षातून किती नाटके पाहील? नाटक महाग झाले अशी जी भावना आहे तिच्यात तिकिटाइतकाच या प्रवासाचा आणि वेळेचा वाटा आहे. मराठी वस्ती शहराच्या मध्यातून उपनगरांकडे आणि त्याही पुढे सरकली, नाट्यगृहे मात्र त्या वेगाने सरकली नाहीत. विलेपार्ल्याचे दीनानाथ, बोरिवलीचे प्रबोधनकार ठाकरे, ठाण्याचे गडकरी रंगायतन आणि डॉ. काशिनाथ घाणेकर, वाशीचे विष्णुदास भावे ही नाट्यगृहे नसती तर मराठी नाटकाचे काय झाले असते याचा विचारही करवत नाही.

वाशीचे नाव घेतले म्हणून एक गोष्ट इथेच सांगतो. जानेवारी 2025 मध्ये वाशीपासून काही मिनिटांवर असलेल्या नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये कोल्डप्ले या ब्रिटिश बँडचे कार्यक्रम झाले. तिकिटे 2,500 रुपयांपासून सुरू होत होती आणि लाउंजमधली जागा 35,000 रुपयांना होती. विक्री सुरू झाल्यावर लाखो लोक रांगेत होते. त्या रांगेत मराठी तरुणही पुष्कळ होते आणि त्यांच्यापैकी कितीतरी जणांनी महिनाभराचा खर्च आवरून ते तिकीट काढले. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या नीता मुकेश अंबानी सांस्कृतिक केंद्रात परदेशी संगीतिका येतात तेव्हा पुढच्या जागांचे दर हजारांत असतात, आणि त्या प्रेक्षकांतही मराठी कुटुंबे दिसतात. मी या खर्चाला नावे ठेवत नाही. ज्या कलेने माणसाला इतके खेचले तिचा मला आदरच आहे. माझे म्हणणे एवढेच की मोठी रक्कम देण्याची तयारी या समाजात आहे. आपल्या नाटकाने ती मागितलेली नाही, आणि मागितली तर तिच्या तोडीचा प्रयोग, निर्दोष ध्वनियंत्रणा आणि स्वच्छ प्रसाधनगृह देण्याची जबाबदारीही अंगावर येईल. प्रसाधनगृहांचा उल्लेख मुद्दाम केला आहे. पन्नाशी-साठीच्या कितीतरी स्त्री प्रेक्षकांनी केवळ त्या कारणाने नाटकाला येणे थांबवलेले मी पाहिले आहे. तिकीट निम्मे केले तरी त्या परत येणार नाहीत.

शहराबाहेर पाहिले तर चित्र आणखी बोलके होते. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांतली झाडीपट्टी रंगभूमी धानाची कापणी झाल्यावर जागी होते. वडसा हे तिचे केंद्र. गावात मंडई म्हणजे जत्रा किंवा शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती असल्या की गावातले मंडळ तिथल्या नाटक कंपनीशी प्रयोग ठरवते, मंडप घालते, स्वतः तिकिटे विकते, आणि रात्री सुरू झालेले नाटक पहाट होईपर्यंत चालते. घरोघरी पाहुणे आलेले असतात आणि त्यांना नाटक दाखवणे हा पाहुणचाराचा भाग असतो. खुर्चीचे तिकीट वेगळे, खाली बसण्याचे वेगळे. ज्याला जे परवडते ते त्याने घ्यावे, नाटक सर्वांना सारखेच. हा प्रेक्षक शेतमजुरीवर आणि छोट्या शेतीवर जगणारा आहे, आणि तरीही या रंगभूमीने आपल्या कलावंतांना पिढ्यानपिढ्या पोसले. तिच्यातले परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. मराठी माणूस नाटकाला पैसे देत नाही असे म्हणणाऱ्याने एक हिवाळा वडशाच्या आसपास घालवावा.

दर मोकळे सोडले की सगळे आपोआप सुरळीत होते, असेही मी म्हणणार नाही. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेचे, म्हणजे तिथल्या व्यावसायिक रंगभूमीचे, उदाहरण डोळ्यांसमोर आहे. 2001 मध्ये ‘द प्रोड्यूसर्स’ या संगीतिकेच्या निर्मात्यांनी काही मोजक्या जागा 480 डॉलरना विकायला काढल्या, आणि काळ्या बाजारात दलालांना मिळणारा पैसा नाटकाच्या लोकांना का मिळू नये, असे त्यामागचे समर्थन होते. समर्थन चुकीचे नव्हते. पण एकदा ती वाट मोकळी झाल्यावर दर चढतच गेले. ‘हॅमिल्टन’ने 2016 मध्ये काही जागा 849 डॉलरवर नेल्या, आणि 2025 मध्ये डेन्झेल वॉशिंग्टन आणि जेक जिलेनहाल यांच्या ‘ऑथेल्लो’ची सर्वांत महाग तिकिटे 921 डॉलरना होती, सुरुवातीच्या प्रयोगांच्या एका आठवड्यात तिथल्या तिकिटाची सरासरी किंमतच 360 डॉलरच्या वर गेली होती. सरासरीच इतकी असेल तर महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलाने शेक्सपिअर पाहायचा कधी? प्रसिद्ध चित्रपटनट असल्याशिवाय एवढा दर मिळत नाही, त्यामुळे निर्माते नाटकाआधी नट शोधू लागतात, हा त्यातला दुसरा तोटा. आपल्याकडे मालिकांतले चेहरे पाहून नाटके बेतली जातातच. दर मोकळे झाल्यावर हा कल वाढेल ही भीती मला खरी वाटते.

तरी त्याच ब्रॉडवेने आणि लंडनने यावर जे उपाय केले ते आपण नीट पाहायला हवेत. 1996 मध्ये ‘रेंट’ ब्रॉडवेवर आले तेव्हा पहिल्या दोन रांगा 20 डॉलरना, त्याच दिवशी येऊन थांबणाऱ्यांसाठी राखून ठेवलेल्या होत्या. ‘हॅमिल्टन’नेही सोडत काढून पुढच्या जागा 10 डॉलरना दिल्या. लंडनच्या नॅशनल थिएटरने 2003 मध्ये निकोलस हायटनर यांच्या काळात आपल्या सर्वांत मोठ्या ऑलिव्हिए नाट्यगृहातल्या दोन-तृतीयांश जागा एका प्रायोजकाच्या मदतीने 10 पौंडांना विकल्या. या तिन्ही ठिकाणी स्वस्त तिकीट म्हणजे खांबाआडची, ऐकू न येणारी जागा असे मानलेले नाही, आणि तीच गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते.

आपल्याकडे स्वस्त आणि महाग यांच्या जोडीला तिसरा प्रकार आहे, तो म्हणजे पास. ओळखीच्या नटाकडून, नाट्यगृहाच्या कर्मचाऱ्याकडून, नगरसेवकाकडून पास मिळवून नाटक पाहण्याची सवय समाजाच्या अशा थरांत आहे ज्यांना तिकीट सहज परवडते, आणि पासावर आलेली मंडळी बहुधा पुढच्याच रांगांत बसतात. जी जागा सर्वांत जास्त उत्पन्न देऊ शकते ती फुकट जाते, तीही गरज नसलेल्याला. कलावंत संकोचाने नाही म्हणू शकत नाही. ज्याचे नाटकावर प्रेम आहे त्याने ओळखीच्या कलावंताकडे पास मागू नये. त्याच्या प्रयोगाला तिकीट काढून जावे आणि प्रयोगानंतर आत जाऊन भेटावे. याहून मोठे कौतुक नटाला नको असते.

शासनाकडून मला पहिली अपेक्षा आहे ती करमाफीची मर्यादा 500 वरून किमान 1,000 रुपयांवर नेण्याची. त्यामुळे पहिल्या चार-पाच रांगांचे दर 800 किंवा 1,000 रुपये ठेवणे निर्मात्याला परवडू लागेल, आणि गाजलेल्या नाटकाला, निवडक कलावंतांच्या विशेष प्रयोगाला हे दर मिळतील याबद्दल मला शंका नाही. महापालिकांच्या नाट्यगृहांनी भाडे सर्वांत महाग तिकिटावर ठरवण्याऐवजी त्या प्रयोगाच्या सरासरी दरावर ठरवावे, म्हणजे पुढे जास्त घेणाऱ्या आणि मागे कमी घेणाऱ्या निर्मात्याला शिक्षा होणार नाही. या वाढीव उत्पन्नाच्या बदल्यात प्रत्येक प्रयोगाला शंभर रुपयांच्या काही जागा असाव्यात: ओळखपत्र दाखवणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी, आणि नाट्यगृहाच्या परिसरात काम करणाऱ्या कष्टकरी माणसांसाठीही. दादरच्या छबिलदास शाळेत 1970 च्या दशकात जी प्रायोगिक चळवळ उभी राहिली तिच्या प्रेक्षकांत विद्यार्थी आणि नोकरीला नुकतेच लागलेले तरुण मोठ्या संख्येने होते, आणि पुढे त्यांच्यातूनच मराठी रंगभूमीला लेखक, दिग्दर्शक आणि जाणते प्रेक्षक मिळाले. त्या वयात 500 रुपयांचे तिकीट असते तर त्यांच्यापैकी किती जण तिथे पोहोचले असते?

या शंभर रुपयांच्या जागा कुठे असाव्यात याबद्दल मी आग्रही आहे. त्यांतल्या निम्म्या तरी दुसऱ्या-तिसऱ्या रांगेत असाव्यात, 1,000 रुपये देणाऱ्या प्रेक्षकाच्या शेजारी, जिथून नटाचा श्वास ऐकू येतो आणि चेहऱ्यावरचा बारीकसा बदल दिसतो. तिकीटखिडकीवर त्या प्रयोगाच्या दिवशी सकाळी मिळाव्यात, एका माणसाला एकच, आणि नाव घातलेल्या, म्हणजे त्यांची पुढे विक्री होणार नाही. एखाद्या नाट्यसंस्थेने हे एका नाटकासाठी, पहिल्या पंचवीस प्रयोगांपुरते करून पाहावे. अशा नाटकाच्या पुढच्या रांगेचे 1,000 रुपयांचे तिकीट मी स्वतः आनंदाने काढेन, आणि माझ्या ओळखीच्या नाट्यरसिकांनाही काढायला लावेन.